ट्रेलरच्या चाकाचं बेअरिंग: नवं घेताना आणि जुनं काढताना कसं पारखायचं

ट्रेलरचं बेअरिंग जायला लागलं की चालकाला ते सहसा कळतच नाही. गाडीच्या स्वतःच्या चाकाचा आवाज केबिनपर्यंत येतो, स्टिअरिंग थरथरतं. ट्रेलरचं चाक मात्र काही मीटर मागे एकटंच तापत राहतं. धूर दिसेपर्यंत बेअरिंग स्पिंडलवर, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्यावर, चिकटलेलं असतं, आणि त्यानंतर चाक हबासकट (चाकाच्या मधल्या तुंब्यासकट) निखळायला फार वेळ लागत नाही. म्हणून इथे पारख आधीच करावी लागते: विकत घेताना, बसवताना, आणि पहिल्या फेरीनंतर.

सुरुवात जुन्या बेअरिंगपासून करा. ते कशाने गेलं हे समजून न घेता आणलेलं नवं बेअरिंग, मग ते कितीही चांगलं असो, बहुतेकदा त्याच वाटेने जातं. कप, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग, हबात सैल असेल, सील पाणी आत घेत असेल किंवा नट जास्त आवळला असेल, तर उत्तम बेअरिंगही टिकत नाही आणि दोष उगाच बनवणाऱ्याच्या माथी जातो.

आधी नंबर

बहुतेक ट्रेलरच्या हबात दोन टेपर (निमुळत्या) रोलर बेअरिंगं असतात, आतल्या बाजूला मोठं आणि बाहेरच्या बाजूला लहान. प्रत्येकाचे दोन भाग सुटे होतात. आतली रिंग, रोलर आणि त्यांना जागेवर धरणारी जाळी म्हणजे केज मिळून झालेला कोन स्पिंडलवर सरकून बसतो. बाहेरची रिंग म्हणजे कप, तो हबात घट्ट ठोकून बसवलेला असतो. इंची मापाच्या बेअरिंगमध्ये कोनाचा नंबर वेगळा आणि कपाचा वेगळा असतो. दोन्ही लिहून घ्या. ३०२०६ सारख्या मेट्रिक बेअरिंगमध्ये जोडीला एकच नंबर असतो, आणि त्याचं माप कोणत्याही कंपनीत ३० × ६२ × १७.२५ मिमीच येतं.

नंबर वाचताना एका आकड्याची चूक किती महागात पडते ते बघा. एल ४४६४३ आणि एल ४४६४९ हे दोन्ही कोन एल ४४६१० या एकाच कपात बसतात. पहिल्याचं भोक २५.४ मिमी, दुसऱ्याचं २६.९८८ मिमी. २५.४ च्या स्पिंडलवर दुसरा कोन चढवला तर तो चढतो, फिरतो, नटही लागतो. फक्त तो दीड मिमीहून जास्त सैल असतो. हबात बसल्यावर ही चूक डोळ्यांना दिसत नाही. तसंच एल ६८१११ आणि एलएम ६७०१० हे कप बाहेरून दोन्ही ५९.१३१ मिमीचे आहेत, म्हणजे एकाच हबात ठोकले जातात. पण त्यांचे कोन वेगळे आहेत, एकाचं भोक ३४.९८ मिमीच्या आसपास आणि दुसऱ्याचं ३१.७५. त्यामुळे 'जुन्यासारखंच दिसतंय' एवढ्यावर बेअरिंग घेऊ नका. नंबर पुसला गेला असेल तर स्पिंडल दोन्ही जागी मोजा, कपाचा बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा, आणि मग तक्त्यातून नंबर काढा.

जुनं बेअरिंग वाचायचं कसं

काढताना कुठलं बेअरिंग कुठल्या चाकाचं, आतलं की बाहेरचं, हे खुणा करून वेगळं ठेवा. सगळी एकाच डब्यात टाकली की निम्मी माहिती गेली. धुण्याआधी ग्रीस बोटावर घेऊन चोळा. पांढरट, दह्यासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय. काळं, करपलेल्या वासाचं असेल तर तापलंय. करकरीत किंवा चमचमणारं असेल तर धातूचा चुरा आहे. मग रॉकेलमध्ये ब्रशने धुऊन कापडाने कोरडं करा. हवेच्या पाइपने वाळवताना रोलर गरगर फिरवू नका; कोरडं बेअरिंग त्या वेगाला खरवडतं आणि केज कमजोर असेल तर रोलर सुटून गोळीसारखा उडतो.

आता टॉर्च तिरपी धरून, रोलर जिथे धावतात तो पट्टा कपावर आणि कोनावर बघा. चांगल्या चाललेल्या बेअरिंगचा पट्टा एकसारखा मंद राखाडी दिसतो, पूर्ण गोलाईत सारख्याच रुंदीचा. नखाला काही लागत नाही.

टवके उडालेले असतील तर ते कुठे आहेत हे सगळ्यात महत्त्वाचं. ट्रेलरच्या चाकात कप हबासोबत फिरतो, कोन जवळपास स्थिर असतो. म्हणजे कपाचा प्रत्येक भाग आळीपाळीने ओझ्याखाली येतो. तरीही कपावर एकाच ठिकाणी टवका असेल, तर त्या जागेच्या मागे कप आणि हबाच्या मध्ये कचरा किंवा उचललेली बुर (धातूची धारदार कड) अडकलेली असते, नाहीतर बसवताना तिथेच ठोका लागलेला असतो. समोरासमोर दोन ठिकाणी टवके असतील तर हबाचं भोक गोल राहिलेलं नाही. पट्ट्याच्या फक्त एका कडेला टवके असतील तर कप तिरका बसला होता किंवा स्पिंडल वाकलाय. कोनाच्या पट्ट्यावर पूर्ण रुंदीत, बऱ्याच किलोमीटरनंतर आलेले टवके हे ओझ्याने आलेल्या थकव्याचे असतात. आणि तेच कमी किलोमीटरमध्ये आले असतील, तर ट्रेलर क्षमतेबाहेर भरला जातोय किंवा पोलाद हलकं आहे. पोलादाच्या दर्जाचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथेच येतो.

कपावर रोलरांच्या अंतराने उमटलेल्या खुणा तीन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत फार होते. काळसर, खरखरीत रेघा म्हणजे ओलं ग्रीस घेऊन ट्रेलर बराच काळ उभा होता. खोलगट ठसे, पण ठशाच्या आत मूळ घासकामाच्या बारीक रेषा भिंगातून अजून दिसतात, म्हणजे जोराचा धक्का बसलाय: खड्डा, किंवा बसवताना हातोडा. आणि ठशात त्या रेषा घासून नाहीशा झाल्या असतील, भोवती लालसर पूड असेल, तर उभ्या ट्रेलरला सतत थरथर मिळालीय, उदाहरणार्थ दुसऱ्या वाहनावर लादून लांब नेताना. तिन्हींपैकी कुठलीही खूण नखाला लागत असेल तर बेअरिंग परत घालायचं नाही.

रंगाचंही तसंच आहे. पोलाद तापून मऊ व्हायला लागलं की आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग निळा रंग चढतो. निळा म्हणजे साधारण ३०० अंशांच्या आसपास. बेअरिंगचं पोलाद त्याच्या बरंच आधी आपला कडकपणा सोडायला लागतं. पण नुसता तपकिरी थर जळलेल्या ग्रीसचाही असू शकतो. थिनरच्या कापडाने जोर लावून पुसा: निघाला तर ग्रीस, नाही निघाला तर उष्णता. असा रंग चढलेलं बेअरिंग बाकी गुळगुळीत दिसलं तरी भंगारात टाका.

हब आणि स्पिंडल

इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं. जुना कप काढताना त्याला पितळी ड्रिफ्टचे (ठोकायच्या दांड्याचे) ठोके लागायला हवेत. तो अंगठ्याने दाबून बाहेर आला, तर कप हबात फिरत होता आणि हबाचं भोक झिजलंय. भोकात पंचाने टिंब मारून कप 'घट्ट' करायची पद्धत सर्रास दिसते. ती करू नका. कप त्या टिंबांच्या टोकांवर टेकतो, ओझं पडलं की टिंबं बसतात आणि कप पुन्हा फिरायला लागतो, तोही आता तिरका. असा हब बदलायचा.

स्पिंडलवर कोनाची जागा मायक्रोमीटरने दोन दिशांना, वर-खाली आणि पुढे-मागे, मोजा. खालच्या बाजूला पायरी किंवा खवले असतील तर नवा कोन तिथे डुलणार. सील जिथे टेकतं त्या जागी नखाला लागेल एवढी चर असेल, तर नवं सीलही गळेल.

नवं बेअरिंग हातात घेतल्यावर

डबा, सील केलेली पिशवी, रिंगवरचा ठसा आणि डब्यावरचा नंबर एकमेकांशी जुळायला हवेत. ठसा सहसा लेझरने किंवा घासकामाच्या आधी उठवलेला असतो. अक्षरं सारख्या उंचीची, ओळ सरळ. थिनरने पुसल्यावर नाव फिकं पडलं तर बेअरिंग तिथेच परत करा. ठशाखाली दुसऱ्या ठशाची पुसट सावली दिसत असेल, तर जुनं बेअरिंग पॉलिश करून नवं म्हणून विकायला ठेवलंय. बनावट माल आता डब्यासकट हुबेहूब येतो, त्यामुळे डोळ्यांवर पूर्ण भिस्त ठेवू नका. एसकेएफ आणि शेफलर या कंपन्यांनी तपासणीसाठी मोबाइल अ‍ॅप दिली आहेत. अधिकृत विक्रेत्याचं बिल हे या सगळ्याहून भक्कम.

नंतर खऱ्या पृष्ठभागाकडे या. कोन उजेडात धरा आणि एक रोलर बोटाने हळूहळू फिरवत त्याचं मोठं टोक बघा. हे टोक कोनाच्या मोठ्या कडेला, म्हणजे रिबला, सतत घासत असतं. बाकी सगळीकडे रोलर लोळतो, इथे मात्र घसरतो. बेअरिंग तापायला सुरुवात इथूनच होते. चांगल्या रोलरचं टोक आरशासारखं, मधे बारीक खळगी असलेलं, आणि कड किंचित गोलसर घासलेली असते. हलक्या मालात याच टोकावर कटाईचे खरखरीत वर्तुळाकार ओरखडे दिसतात आणि कड धारदार लागते. रिबवरही तेच बघा. बाहेरून चकाकणाऱ्या बेअरिंगचं बिंग पुष्कळदा या दोन जागांवर फुटतं, कारण घासकामाचा खर्च वाचवायचा तर तो इथेच वाचवला जातो.

रोलरची लांबी आणि संख्या जुन्या, चांगल्या चाललेल्या त्याच नंबरच्या बेअरिंगशी ताडून बघा. नंबर फक्त बाहेरची मापं आणि कोन-कपाचं नातं ठरवतो. आतले रोलर किती आणि केवढे, हे बनवणाऱ्याच्या हातात असतं. रोलर कमी किंवा बारीक असतील तर ओझं पेलायची ताकद कमी. स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर दोन्ही कोन तोलले तरी फरक चटकन कळतो.

केज रोलरना सारख्या अंतरावर धरते का, तिच्या खिडक्यांच्या कडा सुबक आहेत का, एखादा रोलर वाजवीपेक्षा जास्त खुळखुळतो का, हे पाहा. कोन कपात ठेवून तळहाताने दाबत फिरवा. संरक्षक तेलातही फिरणं एकसंध लागलं पाहिजे, कुठेही अडखळ किंवा कचकच नको.

मोजमापाबद्दल एक स्पष्ट करायला हवं. साधारण दर्जाच्या इंची टेपर बेअरिंगच्या भोकाला ७६.२ मिमीपर्यंत शून्य ते अधिक ०.०१३ मिमी एवढीच सूट असते. ०.०२ मिमी वाचणाऱ्या व्हर्नियरने ती पकडता येत नाही. व्हर्नियर चुकीचा नंबर पकडण्यासाठी ठीक आहे. दर्जा मोजायचा तर बोअर गेज लागतो, आणि दोन-तीन दिशांना घेतलेलं माप सारखं येतं का ते बघायचं असतं.

कडकपणा: बेअरिंगचं पोलाद साधारण ६० रॉकवेल सीच्या आसपास असतं, त्यावर चांगली नवी कानस घसरते, चावत नाही. जास्त नग घेणार असाल तर एक नग बळी देऊन त्याच्या पट्ट्यावर कानस चालवून बघा. कानस चावली तर तो सगळा लॉट परत करा. पट्टा आतपर्यंत कडक केलेल्या आणि फक्त वरचा थर कडक केलेल्या, दोन्ही प्रकारच्या पोलादांना ही चाचणी लागू पडते. लोहचुंबक चिकटतो की नाही, यावरून मात्र काहीच कळत नाही.

नवा कोन जुन्या कपात घालू नका. कपाचा पट्टा आधीच्या रोलरांनी आपल्या आकाराचा करून घेतलेला असतो. नवे रोलर त्याच्या उंचवट्यांवरच टेकतात.

किती ओझं, किती आयुष्य

बेअरिंगच्या तक्त्यात गतिक भारक्षमता दिलेली असते: एवढ्या ओझ्यावर १०० पैकी ९० बेअरिंगं १० लाख फेऱ्या पूर्ण करतात. रोलर बेअरिंगचं आयुष्य क्षमता भागिले ओझं, या गुणोत्तराच्या १०/३ व्या घाताने बदलतं. टायरचा घेर २ मीटर धरला तर किलोमीटरला ५०० फेऱ्या होतात, म्हणजे १० लाख फेऱ्या फक्त २,००० किमी. क्षमता ओझ्याच्या चौपट असेल तर सुमारे १० कोटी फेऱ्या, म्हणजे २ लाख किमी. ओझं दुप्पट केलं की आयुष्य एक दशांशावर येतं. नुसतं २० टक्के जास्त भरलं तरी ते जवळपास निम्म्यावर घसरतं. ओझं नेहमीच जास्त भरत असाल, तर चांगल्या बेअरिंगच्या शोधात फिरण्यापेक्षा मोठा अ‍ॅक्सल घेणं शहाणपणाचं.

दोन कंपन्यांचे आकडे ताडताना आधार एकच आहे का ते पाहा. टिमकेनच्या तक्त्यात ९ कोटी फेऱ्यांवर आधारलेला आकडाही असतो. तो १० लाखांच्या आकड्याच्या साधारण एक चतुर्थांश दिसतो, पण बेअरिंग तेच असतं. चाकाचा ऑफसेटही, म्हणजे रिम हबापासून किती आत किंवा बाहेर बसते हेही, विसरू नका. टायरच्या मधून जाणारी ओझ्याची रेषा दोन बेअरिंगांच्या मधे पडली पाहिजे. बाहेर काढलेली रिम लावली की सगळा हिशेब बिघडतो आणि बाहेरचं लहान बेअरिंग वारंवार जातं.

बसवणं

हबातली कपाची जागा पुसून, बुर काढून, कप सरळ ठेवा आणि प्रेसने किंवा पितळी ड्रिफ्टने आळीपाळीने समोरासमोर ठोके देत आत घ्या. तळाला टेकल्यावर आवाज भरीव, टणक होतो. तरी ०.०५ मिमीचं फीलर पातं कप आणि खांद्याच्या मधे सरकवून बघा. ते कुठेही शिरता कामा नये. शिरलं तर कप वर राहिलाय, आणि गाडी चालल्यावर तो खाली बसून प्ले, म्हणजे बेअरिंगमधली मोकळीक, वाढवेल.

सीलबंद पिशवीतल्या नव्या बेअरिंगचं संरक्षक तेल सहसा धुवायची गरज नसते. एनएलजीआय २ ग्रेडचं (हा ग्रीसच्या घट्टपणाचा दर्जा), चाकाच्या बेअरिंगसाठीचं ग्रीस घ्या. जुनं आणि नवं ग्रीस वेगळ्या बैठकीचं असेल, जसं लिथियम आणि पॉलियुरिया, तर जुनं पूर्ण धुऊन काढा. मिसळल्यावर काही जोड्या पातळ होऊन गळतात. ग्रीस कोनाच्या मोठ्या बाजूने दाबा, लहान बाजूने प्रत्येक रोलरमधून बाहेर येईपर्यंत. हबाच्या पोकळीत एक तृतीयांश ते निम्मं पुरे. पूर्ण भरली तर तापल्यावर ग्रीस फुगून सील ढकलतं. बाहेरून निपलवाटे भरायच्या हबांना मात्र निर्मात्याचं प्रमाण पाळा. सील नेहमी नवं, स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे.

नट लावण्यात सगळ्यात जास्त चुका होतात. हलक्या ट्रेलरच्या कॅसल नटसाठी (पिन अडकवायला खाचा असलेल्या नटसाठी) रूढ क्रम असा:

१. चाक हाताने फिरवत नट सुमारे ६८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. फिरवल्याशिवाय आवळलं तर रोलर तिरके अडकतात आणि रीडिंग खोटं येतं.
२. नट पूर्ण सैल करा. या वेळी हब फिरवू नका.
३. नट फक्त बोटांनी टेकेपर्यंत आवळा.
४. पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत सैल करा, आवळू नका. नवी स्प्लिट पिन घाला.

निर्मात्याच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. मग डायल गेजचं चुंबक हबाच्या तोंडावर लावून, टोक स्पिंडलच्या तोंडावर टेकवून, हब किंचित हलवत आत-बाहेर ओढा. ०.०२५ ते ०.१२५ मिमीच्या मधे प्ले असायला हवा. शून्य प्ले 'घट्ट आणि चांगला' असं वाटतं, पण त्यात रोलरची टोकं रिबवर दाबून घासतात आणि बेअरिंग तापतं. प्ले जास्त असेल तर ओझं मोजक्या रोलरांवर येतं आणि सीलचा ओठ फडफडतो.

पहिल्या फेरीनंतर

१५-२० किमी चालवून थांबा. ब्रेक शक्यतो कमी वापरलेले असू द्या, नाहीतर त्यांचीच उष्णता मोजली जाईल. प्रत्येक हबाचं तापमान घ्या. इन्फ्रारेड गन चकाकत्या धातूवर खरं दाखवत नाही, खूप कमी दाखवते. हबाच्या टोपीवर काळी इन्शुलेशन टेप चिकटवा आणि तिच्यावर मोजा. एकाच अ‍ॅक्सलच्या दोन बाजूंमधला फरक बघा. एक बाजू कोमट आणि दुसरी हात ठेववत नाही इतकी गरम असेल, तर गाडी तशीच पुढे नेऊ नका. पहिल्या ८०-१०० किमीनंतर व्हील नटही पुन्हा आवळा.

पुढे दर १२ महिन्यांनी किंवा साधारण २०,००० किमीला, जे आधी होईल तेव्हा, हब उघडून ग्रीस बदला. होडी पाण्यात उतरवणाऱ्या ट्रेलरला हे जास्त वेळा करावं लागतं: तापलेला हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. उतरवण्याआधी हब थंड होऊ देणं हाच त्यावर सोपा उपाय.

अनेक ट्रेलर सांभाळत असाल तर वहीत प्रत्येक हबासाठी तारीख, किलोमीटर, बेअरिंगचा नंबर, डब्यावरचा लॉट कोड, ग्रीस आणि डायल गेजवरचा प्ले लिहून ठेवा. एकाच लॉटची बेअरिंगं वेगवेगळ्या अ‍ॅक्सलवर सारख्याच पद्धतीने लवकर जायला लागली, तर दोष मालात आहे असं ठामपणे म्हणता येतं. एकाच हबात निरनिराळ्या कंपन्यांची बेअरिंगं जात असतील तर हब उघडून स्पिंडल आणि कपाची जागा पुन्हा मोजा.